अ‍ॅपलेशियन ट्रेलवरचे चार दिवस : गाइडला पैकीच्या पैकी, ऑफिस काठावर पास

मी नवखी नाही, असा माझा समज होता. कॉलेजच्या दिवसांत सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले, रात्री देवळात पथारी टाकून झोपलेली बाई मी. आता वय ५७, मेरीलँडमध्ये राहून बावीस वर्षं झाली आणि उजवा गुडघा जिना उतरताना तक्रार करतो. तरी गाइडसकट ट्रेकचे पैसे भरताना मनात आलंच, की झाडांवर खुणा रंगवलेल्या वाटेवर माणूस कशाला हवा वाट दाखवायला? नवरा म्हणाला, "जंगलात जाऊन पैसे देऊन जमिनीवर झोपायचं, हे मला कळत नाही." तो घरीच राहिला.

ट्रिप होती व्हर्जिनियातल्या शेननडोआ नॅशनल पार्कमधली. थॉर्नटन गॅपपासून दक्षिणेला स्विफ्ट रन गॅपपर्यंत, चार दिवस, तीन रात्री, सुमारे ३४ मैल म्हणजे ५५ किलोमीटर. ही सगळी वाट अ‍ॅपलेशियन ट्रेलचाच तुकडा. आता तुकडा म्हणजे किती, तर अख्खी वाट जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाते आणि भरते साधारण साडेतीन हजार किलोमीटर. आम्ही चाललो ते शंभर पावलांतलं दीड पाऊल. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, म्हणजे पानांचा मोसम. आम्ही सहा जण आणि दोन गाइड. या पार्कात रानात मुक्कामाला दहापेक्षा मोठा गट चालत नाही, तेव्हा कंपन्यांचे गट आटोपशीर असतात. माणशी ७८० डॉलर पडले. त्यात परवाना, तंबू, स्लीपिंग बॅग, सॅक आणि जेवण आलं, टिप वेगळी.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. अशा कंपन्या पुष्कळ आहेत, आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्यांनाच लागू पडेल.

पैसे वसूल कुठे झाले म्हणाल, तर पहिल्या तासात, पार्किंगमध्ये. दोघांतली मोठी गाइड, असेल तिशीच्या आतली, तिने गाडीच्या मागच्या दाराला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला आणि एकेकाची सॅक त्याला लटकवली. माझी भरली ३६ पौंड. ती काही बोलली नाही, फक्त जमिनीवर एक निळी ताडपत्री अंथरली आणि म्हणाली, "सगळं बाहेर काढू या."

सगळं बाहेर निघालं. जीन्स. टर्किशचा टॉवेल. घडीची छत्री. वर वापरायला दुसरे बूट. दोन पॉवर बँक. औषधांचा एवढा मोठा डबा, त्यात घरातल्या चौघांची औषधं. आणि स्टीलचा उभा डबा, त्यात बेसनाचे अकरा लाडू. ती प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि एकच विचारायची, "ही कधी वापरणार?" जीन्सला मी म्हटलं, संध्याकाळी. तर म्हणाली, भिजली तर चार दिवसांत वाळायची नाही, आणि थंडीत ओलं सुती कापड अंगावर असण्यापेक्षा काही नसलेलं बरं. छत्रीवर आमचा थोडा वाद झाला. छत्री गाडीत राहिली. लाडू मात्र तिने हुंगले, एक चव घेऊन पाहिली, आणि "हे वजनाला परवडतात" असं म्हणून झिपच्या पिशवीत भरले. डबा परत गाडीत. सॅक २७ पौंडांवर आली. नऊ पौंड म्हणजे चार किलो. दुसऱ्या दिवशी अकरा मैल चालताना प्रत्येक चढाला मला ते चार किलो आठवत होते.

मग तिने सॅकचे पट्टे लावायला शिकवलं. आधी कमरेचा, तो हाडावर बसवायचा, मग खांद्याचे, मग छातीचा. मी पंचवीस वर्षं सगळं ओझं खांद्यावर घेत आले होते. कमरेवर घ्यायचं असतं हे मला ५७व्या वर्षी पार्किंगमध्ये कळलं.

वाट दाखवायला गाइड लागत नाही, हे मात्र माझं बरोबर निघालं. झाडांवर पांढरे पट्टे आहेत, दोन इंच रुंद, सहा इंच उभे, एक मागे पडला की पुढचा दिसतोच. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आहे, सांभाळा. निळा पट्टा म्हणजे बाजूची वाट, पाण्याकडे किंवा हटकडे, म्हणजे मुक्कामाच्या निवाऱ्याकडे, जाणारी. फाट्यांवर सिमेंटचे बुटके खांब आहेत, त्यांच्या डोक्यावर पत्र्याची पट्टी आणि तिच्यात ठोकलेली मैलांची अक्षरं. चुकायचं ठरवलं तरी चुकणं अवघड.

पहिला दिवस लहान, पण सुरुवातीलाच मेरीज रॉकचा चढ. शनिवार होता आणि त्या खडकावर माणसांची जत्रा. फोटोसाठी रांग लागली होती, खोटं नाही. पानं बघायला येणाऱ्यांची गर्दी ऑक्टोबरात या पार्काला पुरते झोडपते. शक्य असेल तर मंगळवार-बुधवारी सुरू होणारी तारीख घ्या. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते: ट्रेलला चिकटून स्कायलाइन ड्राइव्ह हा गाडीरस्ता जातो, वाट त्याला कितीदा तरी ओलांडते, आणि मोटारसायकलींचा आवाज कानावर येत राहतो. निबिड अरण्य वगैरे डोक्यात असेल तर ते आधीच काढून टाका. मला पहिल्या दिवशी त्या आवाजाचा राग आला होता. तिसऱ्या दिवशी नाही आला, का ते पुढे येतंच.

मुक्काम बर्ड्स नेस्ट नंबर ३ या हटपाशी. हट म्हणजे तीन भिंती आणि छप्पर. आत झोपायचा मान लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांचा, आम्ही बाहेर तंबू ठोकले. पाणी बरंच खाली उतरून. शरदात झरे आटतात, तिथे खडकातून नुसती ओल पाझरत होती, बाटलीचं तोंड लावावं तर थेंब बाहेर. गाइडने ओकचं एक पडलेलं पान घेतलं, देठाकडून खडकाच्या भेगेत सरकवलं, वर बोटाएवढा दगड ठेवला. पानाच्या टोकाकडून बारीक धार लागली, दोऱ्यासारखी. लिटरभर पाणी भरायला आठ मिनिटं लागली, मी घड्याळ लावून पाहिलं. मग फिल्टर. ज्या पानांसाठी लोक तिथे शेकडो मैलांवरून येतात, त्यांतल्या एकाचा असाही उपयोग.

त्या संध्याकाळी हटमध्ये एक मुलगा होता, दाढी छातीपर्यंत. जूनमध्ये मेनमधून निघालेला, दक्षिणेला जॉर्जियाकडे चाललेला. मी त्याला एक लाडू दिला. त्याने तो अख्खा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. मग मी चार दिले. आईला मुलं जेवताना बघून काय वाटतं ते मला माहीत आहे, पण तूप-साखरेची एवढी कदर माझ्या घरात कोणी केलेली नाही.

आता अमृतांजनची गोष्ट. शेननडोआत काळी अस्वलं आहेत आणि शरदात ती हिवाळ्यासाठी चरबी साठवायला दिवसभर खात असतात. त्यामुळे खाण्याचं काहीही, आणि ज्याला वास आहे ते सगळं (टूथपेस्ट, लिप बाम, कचरासुद्धा) रात्री तंबूत ठेवायचं नाही. हटपाशी लोखंडी उंच खांब असतो, वर आकडे असतात, आणि एका लांब जड काठीने पिशवी उचलून त्या आकड्यांना अडकवायची. कोकणात झेल्याने आंबे उतरवतात, त्याच्या बरोब्बर उलट काम. हात थरथरायला लागतात. गाइडने झोपण्यापूर्वी तीन वेळा सगळ्यांना विचारलं, "वास येणारं काही राहिलंय?" मी तिन्ही वेळा नाही म्हटलं.

रात्री कधीतरी कूस बदलली आणि जॅकेटच्या खिशात काहीतरी टोचलं. पिवळी बाटली. मी अंधारात ती मुठीत धरून पडून राहिले. बाहेर पत्र्यावर ओकची फळं टपटप पडत होती आणि प्रत्येक टपला मला वाटत होतं, आलं. अस्वलाला अमृतांजन आवडत असेल का? या प्रश्नावर मी निदान पंधरा मिनिटं विचार केला. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि गाइडच्या तंबूपाशी जाऊन हाक मारली. ती एका हाकेत उठली. काठी घेऊन पिशवी उतरवली, बाटली उघडून हुंगली, "बापरे" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली, आत टाकली, परत चढवली. जाताना म्हणाली, "आत्ता सांगितलंत हे बरं केलंत. बहुतेक लोक सकाळी सांगतात." ना कपाळाला आठी, ना सकाळी चारचौघांत विषय. या एका प्रसंगासाठी मी तिला पैकीच्या पैकी देते.

ऑफिसचं मात्र वेगळं. भाड्याने मिळालेल्या स्लीपिंग बॅगवर २० डिग्री लिहिलं होतं, म्हणजे फॅरनहाइट, आपल्या हिशेबात उणे सहा-सात. बाहेर पारा पस्तिसाच्या आसपास असेल, म्हणजे गोठणबिंदूच्या जरा वर. तरी मी कुडकुडले. सकाळी बॅग उजेडात धरली तर आतली पिसं गोळा होऊन कोपऱ्यात जमलेली आणि पाठीच्या जागी नुसतं कापड. किती जणांनी वापरून, कशीही धुऊन परत फडताळात ठेवली असेल देव जाणे. गाइडने सांगितलं की बॅगेवरचा आकडा गाढ झोप लागण्याचा नसतोच, रात्र निभावून नेण्याचा असतो; थंडी सोसत नसेल त्यांनी दहा-पंधरा डिग्री कमी आकड्याची बॅग मागावी. हे ऑफिसने फोनवर सांगायला काय झालं होतं? पुढच्या दोन रात्री तिने बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून माझ्या पायाशी दिली. त्यावर मी तगले.

जेवणाचीही तीच तऱ्हा. फॉर्मवर मी शाकाहारी लिहिलं होतं, दोनदा. दुसऱ्या रात्री माझ्या नावाच्या पाकिटात चिकन निघालं. गाइडने स्वतःचं राजमा-भाताचं पाकीट मला दिलं आणि माझं तिने खाल्लं. म्हणजे माझी सोय झाली, पण ती तिच्या ताटातून झाली. जाणाऱ्या शाकाहाऱ्यांनी दोन जेवणं आपली आपण न्यावीत. गरम पाणी ओतून फुगणारे पोहे किंवा उपमा उत्तम चालतो, मी पुढच्या वेळी नेणार आहे.

दुसऱ्या दिवसाबद्दल थोडं जास्त लिहू द्या, कारण पैसे आपण ज्यासाठी भरतो ते त्या दिवशी दिसलं. लिटल स्टोनी मॅनच्या कड्यावर आम्ही दहाच्या सुमारास पोचलो. खाली शेननडोआचं खोरं, आणि डोंगराच्या उतारावर सरळ तीन पट्टे. वर, आमच्या पायाशी, झाडं बरीचशी खराटा झालेली. मधल्या उंचीवर रंग पेटलेला. आणि तळाशी अजून हिरवं. शरद तिथे वरून खाली उतरतो, आणि तो उतरताना एका नजरेत दिसतो. गाइडने सांगितलं, पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हिरव्याखाली झाकलेला. हिरवं ओसरलं की वर येतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून, आणि दिवसा ऊन व रात्री गारठा असेल तर जास्त चढतो. सॅसफ्रासची पानं तिने हातात दिली: एकाच फांदीवर तीन आकार, एक साधं, एक अंगठ्याच्या हातमोज्यासारखं, एक तीन बोटांचं. विच हेझेलला सगळं रान झडत असताना फुलं येतात, पिवळ्या चुरगळलेल्या दोऱ्यांसारखी. मी ती शंभर वेळा ओलांडून गेले असते.

आणि चेस्टनट. वाटेच्या कडेला मनगटाएवढं खोड, करवतीच्या दात्यांची लांब पिवळी पानं. एके काळी या डोंगरांत हे झाड सगळीकडे होतं. मग बुरशीचा रोग आला, १९०४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये पहिल्यांदा लक्षात आला, आणि काही दशकांत मोठी झाडं संपली. मुळं मात्र जिवंत आहेत. त्यांतून फुटवे येतात, माणसाहून थोडे उंच होतात, साल तडकते, मरतात, पुन्हा फुटतात. गाइडने त्या खोडावरची नारिंगी ठिपक्यांची चीर बोट न लावता दाखवली.

झाडांबद्दल ती एवढं भरभरून बोलायची, माणसांबद्दल मात्र गप्प. हा पार्क १९३५ मध्ये झाला तो रिकाम्या डोंगरावर नाही. शेकडो कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली; वाटेत दगडी बांध दिसतात, मधेच रानात एखादं सफरचंदाचं झाड दिसतं, ते काय आपोआप उगवलं? चौथ्या दिवशी आम्ही लुइस माउंटनच्या कँपग्राउंडजवळून गेलो. १९३९ मध्ये ती जागा कृष्णवर्णीयांसाठी वेगळी म्हणून उघडली होती, कारण बाकीच्या सोयी गोऱ्यांच्या. १९५० पर्यंत तो भेद पार्काने मोडला. मी हे आधी वाचून गेले होते म्हणून ठाऊक. तिथे आम्ही वीस मिनिटं थांबलो, चॉकलेट खाल्लं, आणि निघालो. मी विचारलं तेव्हा ती प्रामाणिकपणे म्हणाली, आमच्या प्रशिक्षणात हे नाही. म्हणजे हेही ऑफिसच्याच खात्यात.

माहितीपत्रकात "नवख्यांना जमेल" असं लिहिलंय, त्यावर माझा आक्षेप आहे. दुसरा आणि तिसरा दिवस लागोपाठ अकरा-अकरा मैलांचा. हॉक्सबिलच्या कुशीत दगडांच्या राशीतून वाट जाते, आणि सगळं ओल्या पानांनी झाकलेलं. चिखल दिसतो तरी. पानांखालचा दगड दिसत नाही, आणि ओलं पान तेलावरून घसरावं तसं घसरतं. काठ्या दोन हव्यातच. हॉक्सबिलचा माथा, ४,०५१ फूट, पार्कातला सर्वांत उंच, तिथे वाकडी वाट करून फक्त तिघे गेले. मी नाही गेले. गुडघ्याने मत दिलं. खाली बसून मी दगडांत सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर, दिसतो का पाहत राहिले. शेननडोआ सॅलमँडर नावाची एक जात फक्त याच पार्कातल्या तीन शिखरांवर आढळते. दिसला नाही. न दिसलेला बरा, म्हणाली गाइड, त्यांचे दगड हलवायचे नसतात.

आमच्यात ओहायोच्या दोन बहिणी होत्या, निवृत्त नर्सा. धाकटीच्या टाचांना दुसऱ्या संध्याकाळी फोड आले, नाण्याएवढे. तिसऱ्या दिवशी ती कशीबशी पाच मैल बिग मेडोजपर्यंत आली आणि तिथे थांबली. कंपनीची गाडी दोन तासांत हजर. इथे त्यांना मानलं. आणि ज्या रस्त्याच्या आवाजाने मी वैतागले होते, त्याच रस्त्याने ती घरी गेली. पहिल्यांदाच अनेक दिवसांचा ट्रेक करणाऱ्याला हा पट्टा मी त्याचसाठी सुचवीन: कुठेही सोडता येतो. बिग मेडोजला आम्ही तिला निरोप देताना ब्लॅकबेरी आइस्क्रीमचा 'पाय' हा गोड पदार्थ खाल्ला, एकात तिघी. तिसऱ्या दिवसाच्या अंगाने तो कसा लागतो ते शब्दांत सांगण्यासारखं नाही.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही: शरदातल्या ट्रेकमध्ये सर्वांत लांब असते ती रात्र. साडेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि उजाडायला सव्वासात. जेवण सात वाजता आटोपतं. शेकोटी फक्त हटच्या बांधीव चुलाण्यात पेटवायला परवानगी, तीही दहा वाजेपर्यंत कोण जागवणार? बारा-तेरा तास तंबूत. एवढं झोपायची सवय कुणाला असते? मी पहिल्या रात्री घड्याळ पाहिलं, मला वाटलं पहाट झाली, तर अकरा वाजले होते. पुस्तक न्या, हेडलॅम्पचे सेल जास्तीचे न्या. वजनाचं काय ते बूट कमी करून भागवा. नववारीचा घोळ सावरावा तसं स्लीपिंग बॅगेतून निघून मध्यरात्री बाहेर जायचं, हाही त्यातलाच भाग. पण तेव्हा झाडांच्या खराट्यांतून जे तारे दिसतात ते उन्हाळ्यात पानांमुळे दिसले नसते.

परत आल्यावर बॅग आणि जेवणाबद्दल मी कंपनीला लिहिलं. चार दिवसांनी गुळगुळीत उत्तर आलं आणि ४० डॉलर परत आले. गाइडबद्दल वेगळं पत्र लिहिलं, त्याला पोचही नाही. म्हणून इथे लिहिते. जायचं असेल तर एकदा गाइड घेऊन जा, पण नोंदणीच्या वेळी फोन करून तीन गोष्टी विचारा: बॅग किती जुनी आहे, रोजचे मैल किती, आणि पहिल्या दिवशी सॅक कोण तपासणार. तिसऱ्याचं उत्तर ऑफिसला देता आलं नाही तर दुसरी कंपनी बघा.

मी पुढच्या ऑक्टोबरात त्याच पार्काच्या दक्षिण भागात जाणार आहे, गाइडशिवाय, ओहायोच्या त्या थोरल्या बहिणीबरोबर. धाकटी म्हणते बघू. बाथरूममधल्या काट्यावर मी सॅक घेऊन आणि सॅक न घेता अशी दोनदा उभी राहिले. २६ पौंड भरते, लाडू धरून. अमृतांजन लाडवांच्याच पिशवीत ठेवलंय.